मैदानाला नवं लॉन नको, आधी हवा द्या

आपल्या मैदानावर नवीन लॉन बसवायचा प्रस्ताव पुन्हा आलाय. गेल्या सहा वर्षांतला हा तिसरा. पोस्ट मोठी आहे, पण ज्यांची मुलं तिथं खेळतात, ज्यांचे आईवडील सकाळी फिरायला जातात, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती. कुठलं मैदान, कुठली पालिका, हे लिहीत नाही. इथलेच आहात, कळलं असेल.

प्रस्ताव असा. वरची माती खरवडायची, मुरूम टाकायचा, रोलर फिरवायचा, वर चार बोटं लाल माती आणि त्यावर लॉनच्या तयार चटया. शिवाय पाइप आणि स्प्रिंकलर. मग नारळ फुटणार, फोटो निघणार. मागच्या दोन्ही वेळी हेच झालं होतं. दिवाळीपर्यंत हिरवंगार, शिमग्याला पिवळं, मे महिन्यात नुसता फुफाटा. आता तिसऱ्यांदा तेच करून वेगळं काय होणार आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

मी तिथं अकरा वर्षं सकाळी मुलामुलींना फुटबॉल शिकवतोय. पोटापाण्याचा उद्योग वेगळा, हे हौसेचं काम. त्यामुळे त्या जमिनीचा कोपरान् कोपरा पायाखालून गेलाय. आमच्याकडे एक गोलकीपर मुलगी आहे, तेरा वर्षांची. नजर चांगली, हात मजबूत. पण ती सूर मारत नाही. बॉल बाजूनं जाताना दिसतो, तरी ती उभ्या उभ्या पाय लांब करते. मी विचारलं, काय गं, पडायला घाबरतेस का? म्हणाली, "सर, पडायला नाही घाबरत. खाली सिमेंट आहे." गोलच्या तोंडाशी माती खरंच तेवढी घट्ट आहे. तिच्या दोन्ही कोपरांवर जुन्या खपल्यांचे डाग आहेत. या पोरीला सूर मारायला कितीही शिकवलं, तरी जमीन मऊ झाल्याशिवाय ती मारणार नाही. आणि तिनं का मारावा?

आता गवताकडे येऊ. मैदानावर मूळचं गवत कुठलं होतं? आपली साधी हरळी. गणपतीला ज्या दूर्वा वाहतो तीच. जुन्या लोकांना विचारा, चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी पोरं मैदानावर जाऊन जुड्या बांधून आणायची. आज आपण त्याच जुड्या बाजारातून विकत आणतो. आणि ही हरळी म्हणजे काय चीज आहे ते शेतकऱ्याला विचारा. नांगरा, वेचा, जाळा, मुळीचा एक तुकडा जमिनीत राहिला तरी पावसाळ्यात पुन्हा हजर. शेतात जी मरता मरत नाही, ती हरळी आपल्या मैदानावर मेली. हे आपण नीट लक्षात घेतलंच नाही. जिथं हरळी जगत नाही तिथं नर्सरीतून आणलेली नाजूक चटई जगेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा शेतात जाऊन यावं.

गवत मेलं कारण जमिनीत हवा राहिली नाही. चांगली माती म्हणजे नुसती माती नसते. पुस्तकातलं ढोबळ गणित असं आहे की मातीचा साधारण अर्धा भाग कण आणि सेंद्रिय पदार्थ, आणि उरलेला अर्धा पोकळी. त्या पोकळीत निम्मं पाणी, निम्मी हवा. मुळांनाही श्वास लागतो. ती ऑक्सिजन घेतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात. ही पोकळी दाबली गेली की मुळं खाली जात नाहीत, वरच्या इंच-दोन इंचात पसरतात. तिथलं पाणी मार्चच्या उन्हात आटतं आणि गवत जळतं. आपण म्हणतो पाणी कमी पडलं, म्हणून आणखी पाणी मारतो. ते पाणी मुरत नाही, वर साचतं, चिखल होतो, त्या चिखलावर चालून जमीन आणखी दाबली जाते. खालची मुळं गुदमरलेली असतात आणि आपण वरून पाइप धरून उभे.

दाबतं कोण? सगळेच. खेळणारी मुलं दाबतात, फिरणारे आजीआजोबा दाबतात. पण पायांचा दाब बहुतेक वरच्या दोन-तीन इंचांतच राहतो आणि तो दुरुस्त करता येतो. खोलवर दाबतात ती वाहनं. मंडपाच्या सामानाचे ट्रक, जनरेटरची गाडी, पाण्याचा टँकर, प्रदर्शनवाल्यांची क्रेन. नेत्यांच्या सभेला हेलिपॅड करायचं म्हणून मैदानाच्या मधोमध दोन दिवस रोलर फिरला होता, ती जागा आजही वेगळी ओळखू येते. तिथं चार पावसाळे झाले, गवताची काडी नाही.

आणि वेळ बघा. माती ओली असते तेव्हा सगळ्यात जास्त दाबली जाते. आपले मोठे कार्यक्रम कधी? दहीहंडी, गणपती, नवरात्र. म्हणजे नेमके जमीन ओली असतानाचे. आमच्या फिरायच्या ग्रुपमध्ये एक आण्णा आहेत, साठ वर्षं शेती केलेले. ते पावसाळ्यात ट्रॅक मैदानात घुसला की कपाळावर हात मारतात. म्हणतात, "वाफसा आल्याबिगर आम्ही बैल घालत न्हाई रानात, आन् ह्यांनी ट्रक घातला." वाफसा हा एकच शब्द पालिकेच्या प्रस्तावात असता तर निम्मं काम झालं असतं. माती ना चिखल, ना ढेकूळ. मुठीत दाबली तर गोळा होते आणि अंगठ्यानं ढकलली तर फुटते. ओलही आहे आणि हवाही आहे. शेतकऱ्याला हे शाळेत शिकवावं लागत नाही.

आपली खालची जमीन काळी आहे, हेही महत्त्वाचं. काळी माती पाण्यानं फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिला भेगा पडतात. त्या भेगांमधून हवा आणि पहिला पाऊस खोल जातो. स्वतःची मशागत स्वतः करणारी जमीन आहे ती. आपण काय केलं? तिच्यावर मुरमाचं झाकण टाकून रोलर फिरवला. वर लाल माती टाकली. आता खालची माती श्वास घेऊ शकत नाही आणि वरची उन्हाळ्यात उडून लोकांच्या घरात जाते. मैदानाशेजारच्या बिल्डिंगवाल्यांना विचारा, दिवसातून किती वेळा फरशी पुसतात.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. दादरचं शिवाजी पार्क १९२५ साली लोकांसाठी खुलं झालं, पसारा साधारण २८ एकर. एवढं नावाजलेलं मैदान, पण तिथल्या रहिवाशांची लाल मातीच्या धुळीची तक्रार कित्येक वर्षं चालू आहे. पाणी मारून झालं, गवत लावून झालं. आणि गवत हे पैशानं हुकूम सोडून वाढत नाही, याचं उदाहरण म्हणजे धरमशाला. भारत-ऑस्ट्रेलिया तिसरी कसोटी मार्च २०२३ मध्ये तिथं व्हायची होती. मैदानाचं काम नव्यानं केलेलं, थंडीमुळे गवत पुरेसं दाट आलं नाही, म्हणून सामना इंदूरला हलवावा लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये विश्वचषकाच्या वेळी इंग्लंडचा कर्णधार जोस बटलर तिथल्या आउटफील्डबद्दल उघडपणे नाराजी बोलून गेला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत क्रिकेट बोर्डाला गवताची वाट बघावी लागते. आपण मात्र उद्घाटनाची तारीख आधी ठरवतो आणि गवताला तिच्या आत उगवायला सांगतो.

कुणी म्हणेल, क्रिकेटच्या मैदानावर तर रोलर फिरतोच की. फिरतो, पण मधल्या खेळपट्टीवर. ती मुद्दाम घट्ट करतात, बॉल उसळायला हवा म्हणून. तिच्या भोवतालचं मैदान मोकळं ठेवण्यासाठी चांगले ग्राउंड्समन वर्षातून ठरावीक वेळा त्याला भोकं पाडतात. त्यालाच एरेशन म्हणतात. नाव इंग्रजी असलं तरी काम आपल्या ओळखीचंच. उभ्या पिकात कोळपं फिरवून शेतकरी वरचा थर मोकळा करतो, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथं गवत उपटायचं नसतं, म्हणून जमीन न उलटता तिला नुसती छिद्रं पाडायची.

ती कशी पाडायची हे नीट समजून घ्या, कारण यातही फसवणूक होते. उत्तम पद्धत म्हणजे पोकळ नळीचे दाते असलेलं मशीन. ते जमिनीतून बोटाएवढ्या जाडीच्या मातीच्या कांड्या बाहेर काढतं, साधारण तीन-चार इंच लांब. कांड्या तिथंच पडू द्यायच्या, दोन-चार पावसांत विरघळतात. भोकांमधलं अंतर दोन ते चार इंच. माती बाहेर आल्यामुळे आजूबाजूच्या मातीला पसरायला जागा मिळते. नुसते टोकदार खिळे ठोकले तर माती बाहेर येत नाही, बाजूला दाबली जाते. भोक दिसतं, पण त्याच्या भिंती आणखी घट्ट होतात. बुटांना खिळे लावून लॉनवर चालायचे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. हातानं करायचं असेल तर चार दातांचा बागेचा काटा घ्या, पूर्ण रोवा आणि दांडा जरा मागे ओढून जमीन किंचित उचला. उलटायची नाही. हलकीशी भेग पडली की झालं.

मग भोकांवर चाळलेलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट पातळ पसरायचं आणि झाडूनं आत लोटायचं. काळ्या मातीत थोडीशी वाळू मिसळून ती भुसभुशीत होईल असं बरेच जण सांगतात. थोड्या वाळूनं तसं होत नाही, उलट वाळून कडक होते. खत चांगलं, कारण त्यामागून गांडुळं येतात. एकदा गांडुळं आली की ती फुकटात भोकं पाडत राहतात. त्यांना टेंडर लागत नाही.

आणि वेळ कुठली? हरळी उष्ण आणि दमट हवेत जोरात वाढते. म्हणून जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, वाफसा आला की पहिल्यांदा. पाऊस ओसरताना सप्टेंबरच्या शेवटी दुसऱ्यांदा. भर चिखलात करू नये, नळीच्या आतून माती लिंपली जाते. एप्रिल-मेमध्येही करू नये, दाते आत जात नाहीत आणि गवतात भरून येण्याची ताकद नसते.

हे सगळं मी वाचून सांगत असतो तर तुम्ही म्हणाला असता, सर, सांगायला काय जातंय. म्हणून मागच्या जुलैत आम्ही करून बघितलं. मैदानाच्या माळीकाकांना विचारलं, ते म्हणाले कोपऱ्यात करा, कुणी विचारलं तर मी सांगतो. वरच्या गोलच्या मागं दहा बाय दहा फुटांचा तुकडा घेतला. बाजूला तेवढाच तुकडा तसाच सोडला. आण्णांनी माती मुठीत घेऊन बघितली आणि दोन दिवस थांबायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आणि चार मुलं काटा घेऊन बसलो. दहा बाय दहाला सव्वादोनशेच्या आसपास वेळा काटा रोवावा लागतो. पहिल्या पन्नास वेळेला मुलांना मजा आली, नंतर मी एकटाच उरलो. दीड-दोन तास गेले. वर दोन घमेली चाळलेलं खत. कडेनं दोरी बांधून पाटी लावली: इथं चालू नका.

बी टाकलं नाही, चटई लावली नाही. कडेला कुंपणाच्या तळाशी हरळी जिवंत होतीच, ती सरकत सरकत आत आली. अनंत चतुर्दशीपर्यंत आमचा तुकडा झाकला गेला होता. शेजारचा तुकडा होता तसाच, दोन-चार काड्या सोडल्या तर. मी दोन्ही तुकड्यांवर तळ कापलेला पत्र्याचा डबा रोवून त्यात तांब्याभर पाणी ओतलं. आमच्या तुकड्यात ते डोळ्यांदेखत मुरलं. शेजारच्यात चहा पिऊन आलो तरी अर्धं शिल्लक. गोलकीपर पोरीला म्हटलं, जा, इथं पडून बघ. ती पडली. पुन्हा पडली. मग त्या दहा बाय दहावर अर्धा तास सगळी पोरं नुसती पडत होती.

मान्य आहे, दहा बाय दहा म्हणजे मैदान नाही. आपलं मैदान साधारण चार एकर. तेवढं हातानं होणार नाही, ट्रॅक्टरमागे लावायचं मशीन लागेल. पण लॉनच्या चटया, मुरूम, लाल माती आणि दर तीन वर्षांनी पुन्हा तेच, याच्यापुढे एक मशीन आणि दोन माणसांना प्रशिक्षण हा खर्च काय आहे? आणि पाण्याचा हिशोब करा. एका एकरावर एक इंच पाऊस पडला तर साधारण एक लाख लिटर पाणी होतं. चार एकरांवर चार लाख. दहा हजार लिटरचे चाळीस टँकर, एका चांगल्या पावसात. आज ते पाणी मैदानावरून वाहून गटारात जातं आणि मागच्या गल्लीत गुडघाभर साचतं. आणि एप्रिलमध्ये त्याच मैदानाला आपण टँकरनं पाणी घालतो.

हे घेऊन मी पालिकेत गेलो होतो. साहेब चांगले वागले, चहा दिला. सगळं ऐकून म्हणाले, "सर, तुमचं बरोबर आहे. पण यात काम काय दाखवायचं? भोकं पाडली म्हणून बिल कसं काढणार?" मला राग आला नाही, कारण ते खरं बोलले. नवीन लॉनला अंदाजपत्रक असतं, कोनशिला असते. भोकं पाडायला काही नसतं. महिनाभरानं ती दिसतही नाहीत. आपल्याकडे बांधकामाला मान आहे, देखभालीला नाही. रस्ता, गटार, शाळेचे संडास, सगळीकडे तेच. मैदान हे त्याचंच हिरवं, म्हणजे आता तपकिरी, उदाहरण.

दुसरा आक्षेप मंडळाच्या मित्रांचा असतो. कार्यक्रम बंद करा म्हणताय का? मैदान काय फक्त फुटबॉलवाल्यांचं आहे का? नाही, बिलकूल नाही. मैदान सर्कशीचं आहे, गरब्याचं आहे, सभेचं आहे, दुपारी सावलीत झोपणाऱ्या रिक्षावाल्याचंही आहे. बंगल्यातल्या लॉनसारखं "गवतावर चालू नये" अशी कायमची पाटी लावायला मी सांगत नाहीये. आपल्याला बघायचं गवत नको, तुडवायचं गवत हवंय. आणि तुडवून घ्यायची ताकद यायची तर जमिनीला मधूनमधून मोकळं करावं लागतं, थोडी विश्रांती द्यावी लागते. बैलालासुद्धा आपण बेंदूर देतो.

म्हणून प्रस्तावावर हरकत घेताना मागण्या या:

१. मुरूम आणि रोलर नको. आधी टाकलेला मुरूम जिथं काढता येईल तिथं काढा.

२. वर्षातून दोनदा, जून आणि सप्टेंबरमध्ये, पोकळ दात्यांच्या मशीननं सगळ्या मैदानाला भोकं पाडा. त्याचा खर्च देखभालीच्या अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीनं दाखवा, म्हणजे बिल कसं काढायचं हा प्रश्न उरणार नाही.

३. पावसाळ्यात मैदानाचे चार भाग करून एकेक भाग तीन-चार आठवडे आळीपाळीनं बंद ठेवा. बाकी तीन चालू. खेळ थांबणार नाही.

४. ओल्या जमिनीवर वाहन नाही. सामान न्यायचंच असेल तर लोखंडी प्लेटा टाकून ठरलेल्या एकाच वाटेनं.

५. मोठ्या कार्यक्रमाला मैदान देताना भाड्याबरोबर अनामत घ्या. कार्यक्रमानंतर जमीन तपासा, खर्च वजा करून उरलेले परत द्या. पक्ष कुठलाही असो, मंडळ कुठलंही असो. आमच्या फुटबॉल क्लबला पण लावा.

६. माळीकाका आणि त्यांच्या दोन साथीदारांना हे काम शिकवा आणि मैदानाबद्दल निर्णय घेताना त्यांना बैठकीत बसवा. त्यांना सगळं माहीत आहे, त्यांना कुणी विचारत नाही.

हरकत घ्यायला अजून नऊ दिवस आहेत. कागदावर लिहून द्या, पोच घ्या, व्हॉट्सअॅपवर अंगठा दाखवून काही होत नाही. ज्यांना लिहायला वेळ नाही त्यांच्यासाठी मसुदा तयार आहे, कमेंटमध्ये सांगा, पाठवतो. आपल्या वॉर्डाच्या तिन्ही नगरसेवकांना मी स्वतः भेटणार आहे, बरोबर यायचं असेल तर कळवा.

आणि ज्यांचा माझ्यावर विश्वास नाही त्यांनी एक काम करा. घरातला लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. आधी गोलच्या तोंडाशी रोवून बघा, मग वरच्या गोलच्या मागं आमच्या तुकड्यात. एका ठिकाणी तो अर्धा इंचही जाणार नाही, दुसऱ्या ठिकाणी मुठीपर्यंत जाईल. येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही तिथंच आहोत. आण्णा येणार आहेत. माती बघून ते हो म्हणाले तर शेजारचा तुकडाही करून टाकू. काटा असेल तर आणा, आमच्याकडे एकच आहे.